गॅलरीची सळई

सकाळी पावणेआठला पाचव्या मजल्याकडे चढताना तिचा पाय चौथ्यावरच अडला. स्लॅबच्या तपासणीच्या कागदावर कालची तिची सही होती, वळणदार, खाली तारीख. सही आठवत होती. गॅलरीची सळई काही केल्या आठवेना.

साइटवरची इंजिनिअर बाई उभ्याने नाही, वाकून तपासते, असा तिचा लौकिक. पण तेवीस दिवसांत एक सुट्टी नव्हती. घरी लेक म्हणायची, "आई, तू झोपेतसुद्धा 'हो साहेब' म्हणतेस." डोकं कसं, तर ओल लागलेल्या सिमेंटच्या गोणीसारखं: वरून गोणी, आत दगड.

वर फिटरकाका तारेचा वेढा आवळत बसले होते. सळया बांधण्यात हयात गेलेली, आणि ओठांवर तेच गुणगुणणं:

"खोलीची सळई पोटाशी, गॅलरीची पाठीशी,
चुकली जर का चार बोटं, गाठ पडेल मातीशी."

"काका, गॅलरी बघायचीय."

"काल बघितलीत ना, ताई? सही तर ठोकलीत."

"नुसती ठोकली. बघितली नाही."

काकांची तार हातातच राहिली. तिने कडेला जाऊन वरच्या सळईवर पाय ठेवला; बाहेर झेपावलेली गॅलरी याच सळईच्या जोरावर तोलून राहते, म्हणून ती स्लॅबच्या पाठीशी, वरच हवी. सळई मुकाट खाली बसली, थेट स्लॅबखालच्या फळीला टेकली. तिला वर उचलून धरणाऱ्या वाकड्या लोखंडी खुर्च्या चपट्या होऊन पडल्या होत्या.

"नळवाल्यांनी तुडवल्या!" काका ओरडले. "परवा मी उभ्या केल्या होत्या हो!"

तेवढ्यात फाटकावर काँक्रीटच्या पहिल्या गाडीचा भोंगा वाजला. पोटातला माल गरगरत होता. तो घट्ट व्हायचा काही कुणासाठी थांबत नाही. तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, काम थांबवतेय."

"डोकं ठिकाणावर आहे का? आधीच अकरा दिवस मागे आहोत!"

"काल नव्हतं, म्हणूनच सांगतेय. गॅलरी न बघता सही केली मी."

पलीकडून फोन बंद झाला. नोकरी गेली, तिने मनाशी धरलं.

साहेब धापा टाकत पाच मजले चढून आले. त्यांनीही बूट ठेवला. सळई पुन्हा खाली.

"न सांगतीस, तर कुणाला कळलं नसतं," ते हळूच म्हणाले.

"इथे कपडे वाळत घालणाऱ्या बाईला कळलं असतं, साहेब."

साहेबांनी खाली वाकून हाक दिली, "ही गाडी कुंपणाच्या भिंतीच्या चरात रिकामी करा! बाकीच्या दुपारनंतर!" मग तिथेच फळीवर टेकले. "शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

"तेवीस दिवस झाले. तुम्ही?"

साहेब बोटांवर मोजू लागले आणि मध्येच थांबले.

"घरी वहिनी साहेबांना पाहुणा समजून पाणी विचारतात म्हणे," काका पुटपुटले. सगळ्यांत आधी साहेबच हसले, मग डोळे पुसले.

"उद्या तू घरी. साइट मी बघतो. परवा मी घरी, तू बघ. आणि यापुढे कागदावर सह्या दोन, तुझी आणि माझी."

दुपारपर्यंत ती काकांबरोबर ओणवी राहिली. एकेक खुर्ची उभी राहिली, एकेक गाठ आवळली. कधी कोण जाणे, काकांचं गाणं तिच्याही ओठी आलं. शेवटी तिने सगळा भार टाकून सळई दाबली. हलली नाही.

मग तिने कालची सही खोडली आणि खाली नवी केली. शेजारी गंजाचं एक बोट उमटलं. ते तिने पुसलं नाही.