स्टँडबाय

"टीव्ही कुठंय?"

मंजुळाने खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. भिंतीवर टीव्हीच्या जागी नुसत्या लोखंडी पट्ट्या उरल्या होत्या आणि केबलची वायर खाली लोंबत होती. सखाराम फरशीवर बसला होता. त्याच्यापुढे पिक्चर ट्यूबचा एक जुना अगडबंब सेट पोट उघडं टाकून पडला होता.

"दिलाय," तो वर न बघता म्हणाला.

"कुणाला दिलाय?"

"हरिहर काकांना. शहाडचे ते. त्यांचा हा सेट आलाय ना दुरुस्तीला. तोवर आपला स्टँडबाय."

मंजुळा तशीच दारात उभी राहिली. स्टँडबाय हा शब्द तिने लग्न झाल्यापासून ऐकला होता. सखारामचं आंबिवली स्टेशनजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान. लग्न करून ती या चाळीत आली तेव्हा बायका म्हणायच्या, तुला काय बाई, टीव्हीवाल्याचीच बायको. घरात टीव्ही कायम असायचा हे खरं, पण तो कायम दुसऱ्याचा असायचा. एखादी मालिका बघायला घ्यावी, त्यातली माणसं ओळखीची व्हावीत, की सेटचा मालक दारात हजर. स्वतःचा म्हणून आणलेला सेटही कुणा ना कुणाकडे स्टँडबाय म्हणून जायचा आणि तिकडून परत यायचा तो बिघडूनच. एका मालिकेत तर नवरा तुरुंगातून सुटणार होता. तो सुटला की नाही, हे मंजुळाला आजतागायत कळलेलं नव्हतं. शेवटी तिने बघणंच सोडलं. कुणी विचारलं तर सांगायची, मला आवड नाही.

गेल्या वर्षी दुकान बंद झालं. पातळ टीव्ही आले, ते बिघडले की लोक फेकून देतात, दुरुस्तीला कोण आणतंय. त्यानंतर दिवाळीला ठाण्याहून, कोपरीहून, वैशालीने आईसाठी नवा टीव्ही पाठवला. पाठवताना फोनवर बजावलं होतं, "आई, हा तुझा आहे. बाबांना देऊ नकोस उघडायला."

तरी चार-पाच महिने तो भिंतीवर नुसता टांगलेलाच होता. मंजुळा कल्याणच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. नाव सांगा, वय सांगा, आधी रांगेत या, एवढंच दिवसभर बोलून घसा दुखायचा. घरी आल्यावर कुणाचाच आवाज नको वाटायचा. मग मार्चमध्ये जिन्यावर पाय मुरगळला आणि आठवडाभर पलंगावर पडून राहावं लागलं. रिमोट हातात घेऊन ती एकेक चॅनल पुढे ढकलत गेली. एका ठिकाणी भरजरी साडी नेसून एक बाई झोपली होती. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी कुणाला थोबाडीत मारली, आणि ती थोबाडीत तीन वेळा दाखवली. तिने वैतागून पुढचं बटण दाबलं तर पडद्यावर करडा समुद्र आला.

परदेशातलं कुठलंसं बेट होतं. बोलणं हिंदीत केलेलं. एक पन्नाशीची बाई, गुरांची डॉक्टरीण, गुडघ्यापर्यंत बूट घालून बोटीतून गावोगाव फिरायची. केस पिकलेले, आणि ते तिने रंगवलेले नव्हते. कुणाची गाय अडलेली असायची, कुणाची शेळी खात नसायची. ती आधी जनावराकडे बघायची, मग मालकाकडे. घरी आली की एकटीपुरते बटाटे उकडायची आणि खिडकीपाशी उभ्याने खायची. कुणी ओरडत नव्हतं. भाग संपला तेव्हा मंजुळाच्या लक्षात आलं, की आपला चहा तसाच राहिला आणि मघापासून आपला पायही दुखलेला नाही.

मालिकेचं नाव इंग्रजी होतं, ते तिला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ती म्हणायची "बोटवाली". पाय बरा झाला तरी बोटवाली सुटली नाही. आठच्या आत भाकऱ्या उरकायच्या, फोन पिशवीत टाकायचा आणि पलंगावर मांडी घालून बसायचं.

सखारामला बसून टीव्ही बघणं ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं त्याने पडद्याकडे उभ्यानेच बघितलं होतं. चित्र स्थिर झालं, रंग जागेवर आले, की पक्कड पिशवीत टाकून निघायचं. त्या चित्रात काय चाललंय, हा त्याचा विषयच नव्हता.

"लाल जास्त मारतोय," तो मध्येच म्हणायचा. "सेटिंगला जरासं कमी केलं तर—"

"हात लावू नका."

"अगं, चेहरे बघ ना. भाजल्यासारखे दिसतायत."

"थंडी आहे तिथं. थंडीनं होतात तसे."

आता ती भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "शेवटचा आठवडा आहे मालिकेचा. शनिवारी संपणार ती. परत मागून आणा."

"असं कसं मागू? शब्द दिलाय."

"मला विचारलेलं?"

सखारामने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "माणूस स्वतःहून आलेला, मंजुळा. पत्ता शोधत. म्हणाला, हा सेट तुम्हीच बसवून दिलेलात, तुम्हीच नीट करा. दुकान बंद झाल्यापासून कोण आलंय का असं?"

त्याचं हे खरं होतं, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

तो आठवडा तिने कसाबसा काढला. वैशाली म्हणाली, फोनवर बघ. फोनवर आधी नंबर मागितला, मग ओटीपी मागितला, मग साबणाची जाहिरात लागली, आणि डॉक्टरीण आली ती अंगठ्याएवढी आणि इंग्रजीत बोलणारी. शेजारी जाऊन बघावं तर तिथे आठलाच एका मालिकेतलं लग्न चालू होतं, ते महिनाभर लागायचंच होतं. गुरुवारी खिडकीवर एका म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं, एक्स-रे कुठं काढतात. मंजुळा खेकसली, "बोर्ड लावलाय ना समोर. वाचता येत नाही का?" म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला खरंच वाचता येत नव्हतं. ती उठली आणि त्याला एक्स-रेच्या दारापर्यंत सोडून आली. पण दिवसभर तोंड कडू झालं ते झालंच.

सखारामचाही आठवडा बरा चालला नव्हता. एक पार्ट जळला होता, आणि तो हल्ली बनतच नव्हता. तो उल्हासनगरला जाऊन आला, कल्याणच्या जुन्या दुकानांतून फिरला. लोक त्याच्याकडे बघून हसले.

"होणार नाही ना तो?" शुक्रवारी रात्री जेवताना तिने विचारलं.

"होईल. ठाण्यात खोपटला एक जण आहे. जुना माल असतो त्याच्याकडे."

"तुम्हाला माहितीय, होणार नाही. काकांना सांगत का नाही तुम्ही तसं?"

त्याने ताट पुढे केलं. "भाकरी वाढ अर्धी," म्हणाला.

शनिवारी सखाराम खोपटला गेला. मंजुळा ड्युटीवरून सुटली ती आंबिवलीला न जाता अलीकडे शहाडलाच उतरली आणि विचारत विचारत हरिहर काकांच्या बिल्डिंगमध्ये पोचली. दार वासंती काकूंनी उघडलं. आत काका आरामखुर्चीत बसून तिच्या टीव्हीवर बातम्या बघत होते. टीव्ही टेबलावर ठेवला होता आणि त्याच्या डोक्यावर काकूंनी हौसेने क्रोशाचा रुमाल घातला होता.

"काका, मी टीव्ही न्यायला आलेय."

"अरे वा. म्हणजे आमचा सेट तयार झाला?" काकांनी आवाज कमी केला. "सखाराम म्हणाले होते, एक पार्ट यायचा आहे. मी सावकाश होऊ द्या म्हटलं. हल्ली अशी मन लावून काम करणारी माणसं मिळतात कुठे."

वाक्य मंजुळाच्या जिभेवर आलं होतं. पार्ट येणार नाहीये काका, तो मिळतच नाही, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एवढं म्हटलं की सुटका होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सखाराम. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातातली पिशवी रिकामी. खोपटहून परतताना तोही वाटेत उतरला होता. मंजुळाला समोर बघून त्याचा एक पाय चपलेतच राहिला.

"मिळाला का हो?" काकांनी विचारलं.

"मिळेल," सखाराम म्हणाला. "सोमवारी बघतो म्हणालाय."

तो बोलला काकांशी, पण बघत होता मंजुळाकडे. हॉस्पिटलात नातेवाईक खिडकीशी येऊन, बाकीचे पैसे उद्या नक्की भरतो म्हणतात, तेव्हा असेच बघतात. तिने ते तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

"पार्टचं काय ते तुम्ही दोघं बघा," ती काकांना म्हणाली. "मला माझा टीव्ही न्यायचाय. पण आता आठला एक मालिका आहे, तिचा आज शेवटचा भाग. तो बघते आणि मग नेते. बसू का?"

काकूंनी काकांकडे बघितलं. "बसा की," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

मंजुळाने रिमोट घेतला आणि चॅनल लावलं. सखाराम सवयीने टीव्हीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"बसा इकडं," ती म्हणाली. "मागून काही दिसत नाही."

तो येऊन सोफ्याच्या कडेला टेकला. मालिका सुरू झाली. काका दर दोन मिनिटांनी विचारत होते, ही कोण, तो तिचा नवरा का, ते डेन्मार्क आहे का. मंजुळा म्हणाली, "काका, नंतर सांगते सगळं," आणि ते खरोखरच गप्प बसले. पडद्यावर रात्रभर एक गाय अडली होती. डॉक्टरीण गोठ्यात बाह्या वर करून बसली होती. पहाटे वासरू झालं. तिने बादलीत हात धुतले, बोटीत बसली, शेजारी एक चाळिशीची बाई येऊन बसली आणि रडायला लागली. डॉक्टरणीने तिला विचारलं काहीच नाही, नुसतं इंजिन सुरू केलं. बोट लांब गेली आणि नावं वर सरकायला लागली.

"संपलं?" काका म्हणाले. "काही झालंच नाही की."

"झालं की," मंजुळा म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले आणि उठून वायर काढायला वाकली.

"काका." सखाराम उभा राहिला होता. "तुमचा सेट होणार नाही."

काकांनी चष्मा काढला. "आत्ता तर सोमवार म्हणालात."

"पार्ट मिळत नाही त्याचा. कुठंच नाही. मला ठाऊक होतं. उद्या आणून देतो तसाच."

"मग आधीच सांगायचं, सखाराम."

"सांगवलं नाही," तो म्हणाला.

काकांनी चष्मा पुसून परत घातला. काकूंनी टीव्ही गुंडाळायला एक जुनी चादर दिली.

रिक्षात टीव्ही दोघांच्या मांडीवर आडवा होता.

"ती बाई कोण?" सखारामने विचारलं. "शेवटी बोटीत रडत होती ती."

"धाकटी बहीण. दोघी बोलत नव्हत्या."

"का? भांडण झालेलं?"

"पहिल्याच आठवड्यात. तुम्ही तेव्हा लाल रंग बघत होता."

त्याने तिच्याकडे मान वळवली. मग मंजुळाच वैतागून म्हणाली, "आता मधूनच कसं सांगू? पहिल्यापासून ऐका." आणि रिक्षाच्या खडखडाटात तिने सांगायला सुरुवात केली.

सकाळी ती उठली तेव्हा सखारामने जुना सेट जोडून ठेवला होता. आतली धूळ ब्रशने झाडली होती, काच ओल्या फडक्याने पुसली होती. झाकणाचे सगळे स्क्रू घट्ट पिळले होते. सण नसताना त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"मी येऊ धरायला?" तिने विचारलं.

"नको. नेतो मी."

त्याने रिक्षावाल्याच्या मदतीने सेट मागच्या सीटवर चढवला आणि शेजारी बसून त्याच्याभोवती हात टाकला. मंजुळा गॅलरीत उभी होती. डॉक्टरांनी आता घरी न्या असं सांगितलेल्या माणसाला असंच नेतात, धक्का लागू न देता, एका हाताने धरून. हॉस्पिटलातल्या खिडकीवरून तिने हे कितीदा बघितलं होतं. फाटकाशी खड्डा आला तसा सखाराम वाकून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला, आणि रिक्षा हळू झाली.