गाऱ्हाण्यात गेलेला सिलिंडर

हळर्णच्या गुरुदासला मोटारसायकलवर बसून मरणाची भीती वाटत होती, आणि मोटारसायकल अजून जागची हललीही नव्हती.

ती सातेरीच्या देवळासमोर उभी होती, न्यूट्रलमध्ये, इंजीन चालू ठेवून. नवी गाडी आणली की देवीपुढे गाऱ्हाणं घालून 'सांभाळ' म्हणायचं, ही रीत सगळीकडेच. गुरुदासच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, या रीतीला एक शेपूट होतं. गाऱ्हाणं संपेपर्यंत गाडी चालू हवी, मालक गाडीवर हवा आणि ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. देवीने गाडी ओळखायची तर गाडीने आपल्या आवाजात बोलायला नको? मध्येच बंद पडली, तर देवीने ती नाकारली.

गुरुदासने हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच्या वडिलांचा, रामचंद्रचा, खाणीवरचा टिपर इथेच गाऱ्हाण्यात तापून बंद पडला होता. तेव्हा माणसं हसली होती. पावसाळ्याआधी तो टिपर डिचोलीच्या रस्त्यावर उलटला, रामचंद्र गेला, आणि मग कोणी हसलं नाही. त्यानंतर सुलोचनाने, गुरुदासच्या आईने, घरात सायकलसुद्धा येऊ दिली नव्हती. या गाडीला तिने एकाच अटीवर हो म्हटलं होतं.

"गाऱ्हाण्यात बंद पडली तर आजच्या आज परत करूची. मगे रडूचा नाय."

गाऱ्हाणं घालायला मानकरी बाबुराव उभे राहिले. बाबुराव एकही देव वगळत नसत, त्यामुळे लोक घरून जेवून येत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी ओरडली.

"ह्या तुझ्या लेकरान दोन शिलिंडराची गाडी हाडल्यान हा. तेच्या वाटेर म्हस येवक दिव नको. समोरसून पर्यटक चुकीच्या बाजून इलो, तर तेका सुबुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

ऊन चढत होतं. वारा नव्हता. दोन सिलिंडरांपैकी एक पुढे आणि दुसरा बरोबर गुरुदासच्या मांडीखाली, त्यामुळे म्हशी आणि पर्यटक आटोपेपर्यंत गुरुदास एका बाजूने भाजून निघाला होता. बाबुराव आत्ता कुठे रवळनाथापर्यंत पोचले होते, आणि तेवढ्यात आवाज बदलला.

धडधड धडधड चाललेलं इंजीन एकदम धड... धड... करू लागलं. दोन माणसं बोलत असावीत आणि त्यातलं एक उठून गेलं असावं, तसं.

खरं तर गुरुदासला हे माहीत होतं. पंचायतीच्या शिपायालासुद्धा त्याने व्हिडिओ दाखवला होता: गाडी उभी असली की वारा लागत नाही, इंजीन तापतं, म्हणून मागच्या सिलिंडरचं पेट्रोल आणि ठिणगी गाडी स्वतःच बंद करते, पुढचा एकटा खिंड लढवतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की मागचा परत उठतो. पण व्हिडिओ बघताना समोर सातेरी नव्हती. आणि गाडीने खरंच झोप घेतली की दुसरंच काही झालं, हे पिळल्याशिवाय कळणार नव्हतं. पिळायला बंदी होती.

"भावा," शेजारी उभा असलेला त्याचा मित्र साईश कुजबुजला, "अर्धी गेली रे."

बाबुराव थांबले. "देवीन अर्धी घेतल्यान."

"म्हणजे पास काय नापास?" कोणीतरी विचारलं.

"पुढचा चाक पास. मागच्याचा काय ता इचारूक होया."

"गेली नाय ती!" गुरुदास ओरडला. "मागचो सिलिंडर झोपलो फक्त! इंजीन तापू नये म्हणून!"

सुलोचनाचा चेहरा पांढरा पडला होता. "तुझो बापूस पण असाच म्हणालो होतो," ती म्हणाली. "'टिपर दमलो गो, झोपलो.'"



उरलेली अर्धी गाडी जायच्या आत गाऱ्हाणं संपवावं म्हणून बाबुराव सुसाट सुटले. वेताळ, भूतनाथ, सीमेवरचा देवचार, सगळे एका श्वासात. मंडळींना ओरडायला फट मिळेना. शेवटचा देव आला, हात जोडले, आणि सुलोचना किंचाळली, "थांबा! पुलाकडचो राखणदार रवलो!"

खरंच राहिला होता. आणि देव राहिला की गाऱ्हाणं पहिल्यापासून.

"आये!" गुरुदासचा आवाज रडका झाला.

"त्याच पुलावरसून जातलंस मां तू?"

म्हशींपासून परत सुरुवात झाली. एक 'धड' झालं की दुसरं येईपर्यंत गुरुदास श्वास धरून बसे. त्या रिकाम्या जागेत त्याला दरवेळी टिपर उलटताना दिसे. मांडीखालची आग मात्र वाढायची थांबली होती, थोडी उतरलीच होती. मागचा सिलिंडर नुसती हवा ओढत आणि सोडत होता. याने भीती जावी असा नियम आहे. गुरुदासची गेली नाही. त्याला वाटलं, मेलेली वस्तूसुद्धा गारच पडते.

राखणदाराचं नाव आलं, गेलं, आणि गाऱ्हाणं संपलं. बाबुरावांनी मान हलवताच गुरुदासने डोळे मिटून ॲक्सिलरेटर पिळला. मांडीखाली धाडकन काहीतरी उठलं आणि दोन्ही सिलिंडर एकत्र गरजले.

"व्हय म्हाराजा!" मंडळी आपणहून ओरडली.

गुरुदासने घाईघाईने बंद करायच्या बटणाकडे बोट नेलं.

"बंद करू नको!" सुलोचना धावत आली.

"आये, संपला गाऱ्हाणा."

"देवीक वाटला, आपणान बंद पडली, तर?"

सगळ्यांनी बाबुरावांकडे पाहिलं. गाऱ्हाण्यानंतर गाडी बंद कधी करायची, हे वाड्यावर कोणी ठरवलंच नव्हतं. आजवर लोक सरळ निघून जात. बाबुराव म्हणाले, "माका काय इचारू नकात," आणि टोपी घालून दोन पावलं मागे सरले.

इंजीन चालत राहिलं. थोड्या वेळाने मागचा सिलिंडर परत झोपला, धड... धड... आणि सुलोचनाने गुरुदासचा दंड इतका आवळला की तिची नखं रुतली. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"खंयचा बटन?"

त्याने दाखवलं. तिने बोट त्यावर ठेवलं, तोंड देवळाकडे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सातेरी माये, बघून ठेय. ही आपणान बंद पडूक नाय. मी बंद करतंय. काय आसात ता माझ्याकडे इचार."

तिने बटण दाबलं. आवाज थांबला. बाबुराव व्हय म्हाराजा म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले.

सुलोचनाने मुलाकडे पाहिलं. तो धड होता, घामाने भिजलेला, अजून हँडल धरून.

"उतर आता," ती म्हणाली. "मांडी भाजली आसतली तुझी."