बाईंची मंगलाष्टकं

अमडापुरात त्या दिवशी रंगरावांच्या पुष्पाचं लग्न होतं. मांडवात सनई वाजत होती, पाहुणे चहा पीत होते, आणि मागे गोठ्याजवळ एका पाटावर कौशल्याबाई बसल्या होत्या. हो, त्याच कादंबरीकार कौशल्याबाई! महाराष्ट्र राज्य झालं त्या साली त्यांची तिसरी कादंबरी निघाली, पुण्यात सत्कार झाला. दर शनिवारी वाचनालयात त्या गावच्या मुलींना गोष्टी लिहायला शिकवत. पुष्पा त्यांची सगळ्यांत लाडकी. म्हणून रंगराव स्वतः घरी जाऊन म्हणाले होते, "बाई, मंगलाष्टकं तुमच्याच हातची पाह्यजेत." बाईंनी जीव ओतून लिहिली.

आणि आता हेच रंगराव सांगत होते, "तुमी इथंच बसा. भटजी म्हनतीन. तुमच्या कपाळी कुंकू नाही, मांडवात कसं चालीन?"

"माझे शब्द चालतात रंगराव, मी चालत नाही?"

"रीत हाय बाई, मी काय करू?"

काय करू म्हणे! गावाचं नाव मोठं करायला बाई चालली, पोरीला शहाणं करायला चालली. नवरा तापाने गेला, हा काय तिचा गुन्हा?

अंतरपाट धरला गेला. भटजींनी पहिली ओळ म्हटली आणि पुष्पाने मान वर केली. "बाई कुठं हायेत?"

"गोठ्याकडं," मामा माणिकराव कुजबुजले. "चूप राह्य."

पुष्पाने हातातला हार पाटावर ठेवला. "त्यायले आना. नाही तं मी उभी राहत नाही."

"अवो, विधवेची सावली पडली तं माह्या पोराचं काय होईन?" वरमाय अन्नपूर्णाबाई कडाडल्या.

"आत्याबाई, माह्यावर ते सावली चार वर्सं पडली. काय झालं मले?"

नवरदेव बी.ए. झालेला. तो आपलं बाशिंग सावरत राहिला!

मुहूर्त टळू लागला तसे रंगराव निमूट गोठ्याकडे गेले. कौशल्याबाई आल्या. भटजींच्या जागी त्यांनीच खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हटली. 'सावधान' झालं. रंगरावांनी अक्षता टाकल्या, माणिकरावांनीही टाकल्या. बायकांनी मात्र मुठी आवळून धरल्या, आणि त्यांत बाईंच्या शनिवारच्या वर्गातल्या मुलीही होत्या.

वाचकहो, तुम्ही तिथे असता, तर तुमची मूठ उघडली असती?