ग्रंथपालबाईंचा कोट

आमच्या दुकानात मधोमध लाकडी पार्टिशन आहे. अलीकडे मी पुरुषांचे कपडे शिवतो, पलीकडे माझी बायको बायकांचे शिवायची. हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून पलीकडचा दिवा मी लावला नव्हता.

ग्रंथपालबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या दिवशी मात्र सरळ माझ्या बाजूला आल्या.

"मास्तर, कोट शिवायचाय. पुरुषांचा. शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे, तो घालूनच स्टेजवर बोलणार."

"बटणं कुठल्या बाजूला?" पुरुषांची उजवीकडे असतात, बायकांची डावीकडे, म्हणून विचारणं भाग होतं.

"तुमच्या कोटाला असतात तिथंच. नोकरी सगळी झग्यात केली, निदान शेवटचा दिवस माझ्या मनासारखा."

मी माप घेत होतो, त्या बोलत होत्या. "शाळेत मला बाप्या म्हणायचे. नोकरीला लागले, तेव्हा पुरुषी. लग्न केलं नाही, तर विक्षिप्त. आता भाची म्हणते, मावशी, तू जेंडर नॉनकन्फॉर्मिंग आहेस, म्हणजे बाईनं कसं असावं त्या साच्यात न बसणारी. म्हटलं, अगं, हे पुस्तकाच्या पाठीवर तरी मावेल का?"

"मग मी काय म्हणू?"

"बाईच म्हणा. बाईच आहे मी. पण शब्द आवडला मला. पहिल्यांदाच कुणी टोमणा न मारता काहीतरी म्हटलं."

शेजारचा घड्याळवाला दारात उभा राहून ऐकत होता. "काय मास्तर, बायकांना कोट? उद्या मला झगा शिवाल!"

"ये ना, माप देऊन जा. पोटाला कापड जास्त लागेल, तेवढं आण."

"आणि खिसे मागून घ्या हो," बाई त्याला म्हणाल्या. "झग्याला कुणी खिसे देत नाही."

कोट मी नेहमीसारखा कापला आणि तिथंच चुकलो. ट्रायलला बटण लावलं, तर छातीवर ओढला गेला आणि खाली फुगून उभा राहिला. बाईंचं हसणं गेलं.

"राहू द्या मास्तर. माझं अंगच तसं. शुक्रवारी झगा घालीन."

"अंगाला कशाला बोल लावता? कापणारा मी."

"टक्स घालाल, तर तो बायकांचा कोट होईल. तो मला नकोय."

त्यांचंही बरोबर होतं. टक्स म्हणजे छातीच्या गोलाईसाठी कापडाला घातलेली चिमटी. ती समोरून दिसते. पण तिच्याशिवाय कोट बसणार नव्हता. आणि हे काम माझं नव्हे, बायकोचं. अडलं की मी पार्टिशनवर टकटक करायचो. "आले," म्हणायची आणि हातातलं संपवूनच यायची.

"उद्या या," मी म्हणालो. "झगा घालायचा की नाही, ते उद्या ठरवा."

त्या गेल्यावर मी पलीकडचा दिवा लावला. टेबल पुसलं. तिची इस्त्रीची गोल उशी काढली. बाजूच्या शिवणी उसवून आत दुमडलेलं कापड छातीला सोडलं. मग कॉलरच्या छातीवर उलट्या पडणाऱ्या पट्ट्या उचलल्या, त्यांच्या खाली टक्स घातले आणि पट्ट्या परत पाडल्या. चिमट्या झाकल्या गेल्या. कोटाची छाती उशीवर पसरली, वर ओलं फडकं टाकून इस्त्रीनं दाबून घेतली. हे तिनं मला शिकवलं नव्हतं. बघून बघून हाताला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना मी पलीकडे नेलं, कारण अख्खं माणूस दिसेल असा आरसा तिकडे आहे. त्यांनी कोट चढवला, बटण लावलं. समोरून बघितलं, बाजूनं बघितलं.

"टक्स कुठायत?"

"शोधा."

त्या शोधत बसल्या नाहीत. दोन्ही हात खिशांत घातले आणि आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"भाषण म्हणून बघू का इथं? हसायचं नाही."

"हसण्यासारखं असेल तर हसणार."

मी बायकोच्या स्टुलावर बसलो. बाई खाकरल्या. जन्मभर वाचनालयात हळू बोललेल्या त्या बाईंनी पहिलं वाक्य इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आत बघू लागली. बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि दुसरं वाक्य त्याहून मोठ्यानं म्हटलं.