काळडोहाचा तिसरा भाग

सूड ही माणसाने शोधलेली सर्वांत उदात्त कला आहे. तिच्यापायी साम्राज्यं धुळीला मिळाली, तिच्यावर महाकाव्यं उभी राहिली. मी ही कला मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार ते सात, सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात जोपासली. बाकीचे दिवस गुडघ्याच्या व्यायामात जातात.

माझा अपराधी एका मंगळवारी स्वतःच्या पायांनी चालत आला. तेच टक्कल, तीच खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. एकोणीस वर्षं मी या माणसाच्या हाताखाली लिपिक होतो. आता दोघेही निवृत्त. ते घरी बसतात, मी इथे बिनपगारी पुस्तकं देत बसतो.

"अहो ग्रंथपाल," साहेब म्हणाले, "ड्रॅगन, जादू, तलवारी, असलं काही आहे का? मी यातलं आजवर एक अक्षर वाचलेलं नाही."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी मधल्या काळात दाढी वाढवली आहे. पण ड्रॅगन हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं कारण सांगतो. नोकरीत असताना मी फावल्या वेळात, म्हणजे साडेदहा ते साडेपाच, एक कादंबरी लिहीत होतो. एक म्हातारा ड्रॅगन आणि त्याच्या पोटातली विझत चाललेली आग. कागद मी 'जुन्या खुर्च्यांची विल्हेवाट' या फायलीत ठेवायचो, कारण ती फाईल अकरा वर्षांत कुणी उघडली नव्हती. बाराव्या वर्षी साहेबांना खुर्च्यांची आठवण झाली. त्यांनी चहाच्या वेळी सगळ्या विभागाला माझं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, तेही ड्रॅगनचा आवाज काढून. चाळीस माणसं हसली. त्या दिवसापासून शिपायापासून वरपर्यंत सगळे मला 'ड्रॅगन' म्हणू लागले. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं कार्ड मिळालं, त्यावर माझं नाव नव्हतं. पंख होते. कादंबरीचं दुसरं प्रकरण मी कधीच लिहिलं नाही.

"कुणासाठी हवंय?" मी विचारलं.

"मलाच. नात बारा वर्षांची आहे. रात्रंदिवस हेच वाचते. मी एकदा म्हणालो, असल्या पुस्तकांनी डोक्यात भुसा भरतो. झालं. दोन महिने फोनवर येत नाही. सुट्टीत येणार आहे, तीन आठवड्यांनी. आठ दिवस एका घरात राहून ती माझ्याशी बोलली नाही तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. नोकरीत त्यांनी कधी वाक्य अर्धवट सोडलं नव्हतं, फक्त आमच्या बढत्या सोडल्या होत्या.

नवख्या माणसाला या वाटेवर कसं आणावं, हे मला चांगलं कळतं. पातळ पुस्तक द्यावं. एकच नायक, एकच नकाशा, आणि विसाव्या पानाच्या आत कुणीतरी घरातून पळालेलं असावं. असं पुस्तक माझ्या हाताशीच होतं. एकशे चाळीस पानं, एका डोळ्याचा ड्रॅगन आणि एक खोटारडी मुलगी. ते एका बैठकीत संपतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभा राहतो.

मी ते उचललं, तोंड भिंतीकडे करून फळीवर ठेवलं आणि त्यांच्या हातात 'काळडोहाची गाथा' दिली. एकंदर आठ भाग, प्रत्येक उशीएवढा. पहिली साठ पानं नुसती वंशावळ. सतरा राजघराणी, आणि त्यांतल्या अकरा राजांचं नाव एकच. मी स्वतः त्या वंशावळीत दोनदा झोपलो आहे.

"नवीन वाचकाला यासारखं दुसरं नाही," मी गंभीरपणे म्हणालो.

त्या रात्री मला फार गाढ झोप लागली.

शुक्रवारी साहेब चार वाजता दारात हजर. चेहरा उजळलेला, हातात कागदांची गुंडाळी.

"काय पुस्तक दिलंत हो! पण वंशावळीत गफलत आहे. पान एकेचाळीसवर राणीचा धाकटा भाऊ मरतो आणि पान एकशे बारावर जेवायला हजर! मी तक्ता केलाय." त्यांनी टेबलभर तक्ता पसरला. लाल पेनाने सतरा घराणी, निळ्याने वारसहक्काचे वाद. "असं काम हाताला लागून वर्षं झाली. दुसरा भाग द्या."

चाळीस वर्षं फायली वाचलेल्या माणसाला मी कंटाळा देऊन मारायला निघालो होतो! पोहणाऱ्याला पाण्यात ढकलून मी काठावर टाळ्या पिटत होतो. मुकाट्याने दुसरा भाग दिला.

पण मी हार मानणारा नव्हतो. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत नायिका काळ्या डोहात पडते, तिचा हात तेवढा वर दिसतो आणि पान संपतं. पुढच्या मंगळवारी साहेब धापा टाकत आले.

"तिसरा भाग!"

तिसरा भाग माझ्या घरी, माझ्या पलंगाखाली होता. "बाहेर गेलाय," मी म्हणालो.

"कधी येईल?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकोणीस वर्षं ऐकलं होतं. ते माझ्या तोंडून बाहेर पडताना किती गोड लागलं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

"काही करता येईल का?"

"लेखी द्या."

त्यांनी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. शुक्रवारी मी तो शेरा मारून परत केला: 'कारण स्पष्ट नाही. पुन्हा सादर करावे.' साहेबांनी शेरा दोनदा वाचला. मग अर्जाखाली वळणदार अक्षरात एकच ओळ लिहिली: 'नातीशी बोलावयाचे आहे.'

मी पाणी प्यायलो आणि अर्ज फायलीला लावून टाकला. त्यांना आणखी दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवलं. जाताना त्यांचे खांदे पडलेले पाहिले आणि घरी जाऊन आरशासमोर हसून पाहिलं. नीट जमलं नाही, पण सराव हवा.

सुट्टी लागली. त्या मंगळवारी साहेब आले ते एकटे नव्हते. बरोबर दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती आणि दोघं कडाकडा भांडत होते.

"आजोबा, सेनापती फितूर नाहीये!"

"मग पान दोनशे तीसला त्याच्या बुटाला चिखल कुठून आला, ते सांग."

"तुम्ही ना, सगळ्यांची चौकशी लावता!"

मी चरकलो. "तिसरा भाग अजून आलेला नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"नकोच तो," मुलगी अंगातलं जाकीट काढत म्हणाली. "त्यात काहीच होत नाही, चारशे पानं ती पाण्याखाली असते. मीच आजोबांना सांगितलं. त्यांचा फोन आला ना, आईकडे निरोप ठेवला, की इथे पुस्तक देत नाहीत, पोरगी बुडाली की वाचली तेवढं सांग. मी नाही म्हणजे नाहीच बोलणार होते. पण पोरगी बुडालीय म्हटल्यावर कसं गप्प बसणार? तेव्हापासून रोज बोलतो आम्ही."

म्हणजे पुस्तक मी वेळेवर दिलं असतं, तर त्यांनी फोन करायचं धाडस केलंच नसतं. माझ्याच अडवणुकीने माझ्या वैऱ्याचं भलं झालं होतं. मी ताडकन उभा राहिलो आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर गेलो.

"साहेब, मला ओळखलंत?"

"ओळखलं म्हणजे?" साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "ड्रॅगन ना तुम्ही? म्हणून तर इथे आलो. या विषयातलं कळणारा दुसरा कुणी माझ्या ओळखीत नाही."

"तुम्ही माझं लिखाण भर विभागात वाचून दाखवलंत! सगळे हसले!"

"सुरुवातीला हसले," साहेब म्हणाले. "मग आग विझते तो भाग आला. तेव्हा चाळीस जणांचा चहा गार झाला. तुम्ही मान खाली घालून बसला होतात, तुम्हाला दिसलं नसेल. मी किती दिवस वाट पाहिली, दुसरं प्रकरण कधी फायलीत येतंय. शेवटी म्हटलं, लिहिलं नसेल."

मी जवळच्या खुर्चीत बसलो.

मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती. "आजोबा, तुम्ही विचारलं होतं त्यांना? वाचण्याआधी?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग सॉरी म्हणा."

या माणसाने उभ्या नोकरीत कुणाची माफी मागितल्याची नोंद नाही. त्यांचा हात खिशाकडे गेला, लाल पेनापाशी थांबला, निळ्याकडे वळला. "लेखी देऊ," त्यांनी हळूच विचारलं, "की तोंडी चालेल?"

मी मान वर केली. इतकी वर्षं रोज घोकलेलं, धार लावून ठेवलेलं ते एक वाक्य आता जिभेच्या टोकावर आलं होतं. वाचनालयात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी तोंड उघडलं.

"काका," मुलगी म्हणाली, "जरा उठता का? तुम्ही माझ्या जाकिटावर बसलाय."