जित्या नवऱ्याचा पंचनामा

त्या दिवशी राहीने चुलीवरचं पिठलं ढवळता ढवळता तीनदा उठून दारात जाऊन पाहिलं. तलाठी अकराला येणार होते आणि अजून आठसुद्धा वाजले नव्हते. कोनाड्यात कुंकवाचा करंडा होता. तिकडे तिने सकाळपासून एकदाही हात नेला नव्हता. तशी गावकीची आज्ञाच होती.

राहीचा नवरा महिपत मुंबईला गोदीत कामाला. सहा वर्षांपूर्वी तिथे त्याने दुसरा संसार मांडला आणि राहीची मनिऑर्डर बंद झाली. पदरात दोन मुली. उन्हाळ्यात ती पावस गावच्या बागांत आंब्याच्या पेट्या वाही, पावसात दुसऱ्यांच्या शेतात लावणी करी. मधले महिने कसे जात ते तिलाच ठाऊक. महिपत मात्र दर गणपतीला न चुकता यायचा. भिंतीपलीकडे थोरल्या भावाकडे, भागोजीकडे उतरायचा, आरतीत सगळ्यांच्या वर आवाज काढायचा, पेढे वाटायचा, आणि राहीच्या दाराकडे बघायचासुद्धा नाही. गावदेवीच्या देवळाला त्याने पितळी घंटा दिली होती, तीवर आपलं नाव कोरवून. असा हा पुण्यवान माणूस!

ही यंदाची, चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. निराधार बायांना सरकार दरमहा मदत देतं, असं राहीला पावसला बागेत कळलं. नवऱ्याने टाकलेल्या बाईलाही ती मिळत होती. फक्त तसं दोन पंचांनी लिहून द्यायचं, त्यांतला एक घरचा. इथेच घोडं अडलं. आमच्या गावकीत बाईला टाकायला बंदी नाही. टाकलं असं लिहून द्यायला आहे.

"महिपत आपला मानूस," गावकीचे पुढारी धोंडू गावकर म्हणाले होते. "त्येचं नाव कागदावर खराब करायचं न्हाय. भागोजीच्या पोराची सोयरीक जुळतेय. त्यापरीस मेला म्हनून लिवू. गोदीत पडला, गावला न्हाय. म्होरच्या गनपतीला त्यो आला तर तवाचं तवा बघू. एक दिवस कुंकू पुसलंस तर काय जातंय गो तुजं?"

राहीने मान डोलावली होती. काय करणार? मदत मिळाली नाही, तर दसऱ्यानंतर नऊ वर्षांच्या लेकीला, गोदाला, रत्नागिरीत एका घरी भांडी घासायला ठेवायचं ठरलं होतं. शब्दही देऊन झाला होता.

गोदा पाटीदप्तर घेऊन निघाली आणि उंबऱ्यात थबकली. आईच्या कपाळाकडे बघत राहिली.

"आये, बाबा मेला?"

"न्हाय गो."

"मग? मास्तरांनी इचारलं तर काय सांगू?"

राहीच्या मनात आलं, जगण्यासाठी आपण खोटं बोलू, पण ते या पोरीलाही जन्मभर बोलायला लावायचं? पोर गेली, पिठलं करपलं, तरी ती तशीच उभी होती. मग तिने करंडा काढला आणि रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं.

देवळाच्या सभामंडपात, नेमके त्या घंटेखाली, तलाठी खुर्चीवर बसले होते. कागद धोंडू गावकरांनी आधीच लिहवून ठेवला होता. भागोजीने आपल्या म्हाताऱ्या आईला, सखूला, हाताला धरून आणलं होतं. घरचा पंच ती. 'राहीच्या कागदावर अंगठा दे,' एवढंच तिला सांगितलेलं.

राहीचं कपाळ बघून मंडपातली कुजबुज थांबली.

"सायेब, माजा न्हवरा जिता हाय," ती म्हणाली. "मुंबयला हाय. मना टाकलान त्येनी. तसं लिवा."

"खुळी झालीस काय?" धोंडू गावकर ओरडले.

तलाठी वैतागले. त्यांना एकची गाडी गाठायची होती. "अहो बाई, इथं तर महिपत मयत लिहिलंय!"

"कोन मयत?" सखू एकदम म्हणाली. "माजा महिपत? आवो, बावीस दिस न्हाय झाले, माज्या हातच्या आंबोळ्या खाऊन गेला!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भागोजीने तिचा दंड दाबला. "आये, गप ऱ्हा. नुसता अंगठा दे."

"पोटच्या पोराला जिता मारू?" म्हातारीने हात सोडवून घेतला. "टाकलान ना तिला? माज्या डोळ्यांदेखत टाकलान, आनि मी त्येला आंबोळ्या घालीत बसले! पोरी भिंतीपल्याड उपाशी, आनि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माजंच चुकलं. लिवा सायेब, सखूच्या लेकानं बायको टाकलान. ह्यो घ्या अंगठा."

"मग माज्या घरात पाय ठेवू नको," भागोजी म्हणाला.

"नको तर नको."

तलाठ्यांनी जुना कागद फाडला, नवा लिहिला. सखूचा अंगठा उठला. "आता दुसरा पंच?"

मंडपात वीसेक पुरुष होते. सगळ्यांनी महिपतचे पेढे खाल्लेले. एकाला अचानक गुरं आठवली, एकजण खांबाला टेकून नखं बघू लागला. धोंडू गावकर तर देवीला हात जोडून उभे राहिले. तलाठ्यांनी घड्याळ पाहिलं आणि कागद राहीच्या हाती दिला. "दसऱ्याच्या आत दुसरी सही आणा."

संध्याकाळी सखू आपलं कांबळं घेऊन भिंतीच्या अलीकडे आली. जेवताना राहीने तिघींच्या भाकऱ्यांचे चार वाटे केले. दुसऱ्या दिवसापासून ती कागद घेऊन दारोदार फिरते आहे. लोक तिला पाणी देतात, पाट देतात, मालक घरी नाहीत म्हणून सांगतात. मालक माजघरात असतात.

दसऱ्याला सहा दिवस उरलेत. गोदा रोज शाळेतून आली की आधी तो कागद बघते. वाचकहो, गावकऱ्यांना मी काय नावं ठेवू? त्या मंडपात खांबामागे मीही होतो, मला सही करता येते, आणि मीही खाली मान घालून घरी आलो. हे लिहून झालं, की चपला घालून मी राहीकडे निघणार आहे. तुमच्या वाडीतल्या राहीचा कागद कुणाकडे अडलाय, तेवढं तुम्ही बघा.