घरचे शब्द

ताईंनी बरणीचं झाकण घट्ट पिळलं आणि ती टेबलाच्या मधोमध ठेवली. आत रंगीत मणी होते. आतून आरसा वाटणाऱ्या, पण बाहेरून आरपार दिसणाऱ्या काचेच्या अलीकडे, बाहेरच्या खोलीत बसलेल्या आईचे हात ते झाकण उघडून द्यायला शिवशिवले. आत ताईंसमोर बसलेली तिची लेक ठकी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. पण तिला काय हवं ते आईला तिच्याआधी कळायचं. स्पीच थेरपीच्या या ताई मात्र नुसत्या बसून राहायच्या. मनात दहा आकडे मोजायचे आणि वाट बघायची, ही त्यांची रीत. मोजणी आठावर आली असेल, तेव्हा ठकीने बरणी त्यांच्याकडे ढकलली.

"उघड."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचंच आहे असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ताईंच्या खोलीतला हा तिसरा शब्द. घरी एकही नाही. नऊ महिने पोटात वाढवलं तिने, आजारपणं काढली तिने, आणि पोर बोलली कोणाशी, तर आठवड्यातून दोनदा पाऊण तास भेटणाऱ्या बाईशी. तिचा नुसता जळफळाट झाला.

घरचे शब्द टिपायला ताईंनी एक वही दिली होती. त्या रविवारी आईने तीत 'पाणी' लिहिलं. पाणी कुठलं, ठकीने पेल्याकडे नुसतं बघितलं होतं. मग आईचा हात सैल सुटला. तीन आठवड्यांत वहीत अकरा शब्द जमले; 'चमचा' लिहिताना तिला स्वतःलाच हसू आलं.

ताईंनी वही वाचून मनापासून कौतुक केलं. घरी एवढं बोलते, तर आता दोन शब्द जोडायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलं. 'मणी दे' म्हटल्याशिवाय झाकण निघेना. ठकी एकदा 'उघड' म्हणाली, पुन्हा म्हणाली, मग टेबलाखाली जाऊन बसली. पुढच्या दोन खेपांना तिने तोंडच उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला तिने खोलीच्या दारातच अंग टाकलं.

आईला राहवेना.

"वहीतलं खोटं आहे," ती ताईंना म्हणाली.

"किती?"

"सगळंच."

ताई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ती पानं फाडली आणि वही परत दिली.

"कोरी आणलीत तरी चालेल, खरी आणा. आणि घरी तिच्या मदतीला जरा उशिरा पोचत जा."

संध्याकाळी ठकीची बाहुली सोफ्यामागे पडली. स्वयंपाकघरातून आईला सगळं दिसत होतं. तिने ओट्याची कड धरली आणि मोजायला लागली. ठकीने हात घालून पाहिला, पोचला नाही. दहा झाले. आईने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"आई."

हाक मारायची वेळच तिने लेकीवर कधी येऊ दिली नव्हती. ती गेली, बाहुली काढून दिली आणि तिथेच फरशीवर बसून राहिली. समोरच्या टीपॉयवर ताईंची वही होती आणि तिच्यावर पेन होतं. तिने ते उचललं, टोपण काढलं आणि परत लावून टाकलं.

पुढच्या खेपेला ताईंनी वही चाळली. पान कोरं होतं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही," आई म्हणाली, आणि चेहरा पडलेला दिसावा म्हणून तिला बराच प्रयत्न करावा लागला.